गालाला कळतो तो काटा

त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी केवड्याची पात गालावरून फिरवली आणि म्हणाल्या, "आज सगळ्या पाती लोण्यासारख्या कशा गं?"

सुनेने तीच पात हातात घेतली तर बोटातून रक्तच आलं.

"आई, काटा आहे की यात!"

"चल, काहीतरीच!" त्यांनी परत गालावर घासली. ओरखडा उठला तरी त्यांना पत्ता नाही. हसायला गेल्या तर तोंड एकाच बाजूला गेलं. सुनेने नवऱ्याला हाक मारून रिक्षा आणवली.

रिक्षातसुद्धा म्हातारीचं एकच. जीभ जड, तरी बोलतायत, "चटई... बाळाची..."

"ताईंच्या बाळाची ना? मी करते पुरी, आई."

"गालाने बघ."

संध्याकाळी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला.

समुद्राकाठच्या त्या केवड्याचं लोकांना फूल तेवढं दिसतं. सासूबाईंना अख्खं झाड दिसायचं. लोंबत्या मुळ्या ठेचून चुना द्यायचे कुंचले करायच्या, मुळ्यांच्याच धाग्यांची दोरी वळायच्या, आणि पानांच्या चटया. पानाला काट्यांच्या तीन ओळी, दोन कडांना आणि एक खालून मधल्या शिरेला. ते सुरीने काढायचे, पानं उकळायची, वाळवायची, चिरायची. मग एकेक पात गालावरून फिरवायची, कारण काम करकरून हात असे राठ झालेले की काटा बोटांना कळायचाच नाही.

"बाकीच्या बायका गालाला पावडर लावतात, मी पाती लावते," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

किती पोरं त्या चटयांवर रांगली असतील, देव जाणे. एकालाही कधी ओरखडा नाही. ते सगळे काटे या एका गालाने झेलले. शेवटची आंघोळ घालताना सुनेने त्या गालाला हात लावला. तान्ह्या पोरासारखा मऊ! ती बघतच राहिली.

नणंद तेव्हा लांबच्या गावी ओली बाळंतीण, तिला येताच आलं नाही. बाळ घेऊन आली ती महिन्याभराने. चटई सुनेने विणून पुरी केली होती. नणंद रडत रडतच बाळाला ठेवायला वाकली.

"थांबा ताई."

सून गुडघ्यांवर बसली, चटईला गाल टेकला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत गेली.

"अगं वहिनी, हे काय चाललंय?"

सासूबाईंनी विणलेलं सगळं गुळगुळीत. शेवटी, तिने स्वतः विणलेल्या कोपऱ्यात, टोचलं. तिने नखाने काटा उपटला, त्या जागेवर परत गाल फिरवला.

"ठेवा आता."