मामेसासऱ्यांची हिरवी फियाट

खान्देशात धुळीच्या तावडीतून सुटलेली एकच वस्तू मी पाहिली आहे, ती म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांची फियाट. आमच्याकडे देवळातला देव सुटत नाही, ताटातली भाकरी सुटत नाही, एप्रिलच्या वावटळीत तर माणूस रडला तरी गढूळ रडतो. पण धुळ्याला मामांच्या अंगणात उभी असलेली ती गाडी मात्र बारशाच्या बाळासारखी कायम तेल लावून चकचकीत. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, निवृत्त हेडक्लार्क. नोकरीत असताना त्यांनी टेबलावरची फाइल कधी झटकली नाही, असं त्यांचेच जुने सहकारी सांगतात. आयुष्यातली सगळी झटक त्यांनी गाडीसाठी राखून ठेवली असावी.

ही फियाट मुळात चारचौघींसारखी होती. जामनेरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, तिथून मामांनी तिला उचललं आणि आपल्या मनासारखी घडवली. छप्पर चार बोटं खाली उतरवलं, त्यामुळे आत बसणारा उंच माणूस धुळे ते जळगाव सगळ्या जगाला नमस्कार करत येतो. पुढची जाळी एका तांबटाकडून पितळेची ठोकून घेतली. आणि रंग? केळीच्या नुकत्याच उलगडलेल्या पानाचा. हा रंग कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून मामा जळगावच्या एका म्हाताऱ्या पेंटरसमोर पान धरून बसले. पान तासाभरात मलूल व्हायचं आणि जुळत आलेला रंग पुन्हा चुकायचा. मग तीन दिवस एक माणूस मोटरसायकलवर असोद्याच्या मळ्यातून ओल्या फडक्यात गुंडाळून ताजी पानं आणत राहिला. तिसऱ्या दिवशी रंग जमला. पेंटरने प्रमाण कुठेही लिहून ठेवलं नाही. पुढे तो वारला आणि प्रमाणही त्याच्याबरोबर गेलं. उरलेला रंग मामांनी लोणच्याच्या बरणीत भरून देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवला. एक वेळ देव हलवायला घरात परवानगी होती, बरणी हलवायला नव्हती.

गाडी पुसायचं त्यांचं शास्त्र माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं, कारण तापल्या पत्र्यावर पॉलिश वाळून त्याचे डाग पडतात. बादल्या दोन, एक फडकं बुडवायची आणि एक पिळायची. मी एकदा फडकं उलट्या बादलीत बुडवलं, तर मामांनी दोन्ही बादल्या तुळशीला ओतल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. (तुळशीला त्यानंतर आठवडाभर साबणाचा वास येत होता.) फडकं जुन्या सुती लुगड्याचंच, आणि तेही धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. कापड पारखायची ही नजर इतकी पक्की बसली होती, की एका लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या अनोळखी बाईंचा पदर त्यांनी दोन बोटांत धरून पाहिला आणि मोठ्या आस्थेने म्हणाले, "ताई, अजून दोन वर्षं धुवा. मग आम्हाला द्या." त्या बाईंच्या नवऱ्याची समजूत काढता काढता माझा मठ्ठा राहिला.

पुसून झालं की तपासणी. मामा उजव्या हातावर दुधाची धुतलेली पिशवी चढवायचे आणि पिशवीतल्या हाताने गाडीभर बोटं फिरवायचे. उघड्या बोटाला न कळणारा कणसुद्धा पिशवीतून जाणवतो, असं ते सांगत, आणि ते खरं आहे. मी घरी आमच्या डायनिंग टेबलावर करून पाहिलं. त्यानंतर महिनाभर टेबल पुसायचं काम माझ्याकडे आलं.

"मना पायले कधी तेल लावं नही यास्नी," मामी अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. मामी सदा अहिराणीत बोलत. मामा मात्र माझ्याशी बोलताना शुद्ध, इस्त्रीची मराठी वापरत, कारण मी जावई. आमच्याकडे जावयाला रागवत नाहीत. भाचेजावयाला तर नाहीच नाही. माझ्या हातून काही सांडलं, तुटलं, फुटलं की मामा म्हणायचे, "असू द्या, जावईबापू," आणि मग तोच राग शेजारच्या कुत्र्यावर काढायचे. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली. त्या कुत्र्यांच्या तीन पिढ्यांनी माझ्यापायी शिव्या खाल्ल्या. मला मात्र त्या 'जावईबापू'चा कंटाळा आला होता. घरातल्या बाकी सगळ्या पोरांना मामा 'गधडा' म्हणत, आणि मी आपला पाटावर बसवलेल्या गणपतीसारखा.

गेल्या थंडीत असोद्याच्या त्याच मळ्यात भरीत पार्टी ठरली. मामांनी गाडी बाहेर काढली, कारण जिथली पानं पाहून रंग केला, त्या मळ्याला तो एकदा दाखवायचा होता. गाडी त्यांनी जाळापासून चांगली शंभर पावलं लांब लावली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली, वारा फिरला, आणि काड्यांची राख उडून बॉनेटवर नाजूकपणे येऊन बसली. मामा तेव्हा हात धुवायला विहिरीकडे गेले होते. मी म्हटलं, जावयाने उपयोगी पडायची हीच वेळ. खिशातून रुमाल काढला आणि कोरड्या राखेवर गोल गोल फिरवला, अगदी मनापासून.

मामा परत आले तेव्हा बॉनेटवर कोंबड्यांनी उकरल्यासारखे बारीक गोल ओरखडे उमटले होते. त्यांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. मग म्हणाले, "असू द्या, जावईबापू." मळ्यात कुत्रं नव्हतं. बिचारे केळीच्या एका खांबावर ओरडले.

इथेच मी थांबलो असतो तर ही गोष्ट एवढीच राहिली असती. पण पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो तो पॉलिशचं मशीन घेऊन. जळगावला गाड्या धुणाऱ्या एका ओळखीच्याकडून दिवसभरासाठी मागून आणलं होतं. मामा दाढीला गेले होते. अर्ध्या तासात ओरखडे गायब करून त्यांना चकित करायचा बेत होता. मधोमध छान जमलं. मग मी कडेकडे वळलो. कडेला रंग मुळात पातळ असतो, आणि त्या रंगावर दुसरं कसलं आवरण नव्हतं, ही अक्कल मला नंतर आली. मशीन गुरगुरलं, त्याच्या टोकाचा लोकरी गोंडा हिरवागार झाला, आणि बॉनेटच्या कोपऱ्यावर रंगाखालचा रुपयाएवढा लाल प्रायमर माझ्याकडे बघायला लागला.

फाटक वाजलं. मी त्या कोपऱ्याला मांडी टेकवून, हाताची घडी घालून, आपण अगदी सहज उभे आहोत असा उभा राहिलो. मामांनी मशीनकडे पाहिलं. हातावर पिशवी चढवली आणि पलीकडच्या टोकापासून बोटं फिरवत फिरवत माझ्यापर्यंत आले.

"सरका," ते म्हणाले.

"मामा, चहा घेऊ या का आधी?"

"सरका, जावईबापू."

मी सरकलो. बोटं त्या लाल ठिपक्यावर थांबली. आणि मग वीस वर्षांची इस्त्री एका झटक्यात मोडली.

"हाई काय करं रे तू, गधडा! अक्कल शे का नही तुले? कोनी सांगं व्हतं तुले?"

पुढे बरंच होतं, ते छापण्याजोगं नाही. मामी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं मामांना काहीतरी झालं. शेजारचं कुत्रं सवयीने शेपूट घालून आडोशाला गेलं. आणि मी? मी निर्लज्जासारखा हसत होतो. मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं.

"हसी का ऱ्हायना?" मामा ओरडले.

"मामा, बरणी आहे ना," मी म्हटलं. "कोपऱ्यापुरता रंग तर निघेल."

मामा वळले. आत गेले, बरणी आणली, झाकण काढून माझ्यापुढे धरली. आत रंग नव्हता. तळाशी हिरवा दगड होता, भेगा पडलेला. कधी वाळला कुणास ठाऊक. मामांना ठाऊक असावं, कारण त्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही.

मामींनी दोरीवर वाळत घातलेल्या, आपल्याच जुन्या लुगड्यांच्या फडक्यांकडे बोट दाखवलं. सगळ्यांवर तीच कोवळी हिरवी झाक. "बठ्ठा रंग मना लुगडास्मा जायेल शे," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज नेहमीसारखा उंच नव्हता.

तो कोपरा तसाच लाल राहिला. दुसरा हिरवा लावायला मामांनी नकार दिला. आता रविवारी गेलो की फडकं माझ्या हातात असतं आणि मामा खुर्चीवर बसून शिव्या देतात, कारण त्यांच्या गुडघ्यांना वाकणं जमत नाही आणि डोळ्यांना ठिपका दिसत नाही. तपासणी मात्र त्यांचीच. मागच्या खेपेला त्यांनी माझ्या हातावर पिशवी चढवली, मनगट धरलं आणि माझी बोटं स्वतः गाडीवरून फिरवली. लाल कोपऱ्यावर आणून थांबवली.

"हाई तुनं," ते म्हणाले.

मग हात वर छपराच्या कडेला नेला. तिथे, रोज सकाळी त्यांचं फडकं जिथून सुरू होई, तिथे माझ्या ठिपक्याहून चांगली दुप्पट जागा लागली. तिथेही आता रंग उरला नव्हता.

"आनि हाई मनं," मामा म्हणाले. "घास, पन जपी घास."