गावाला रस्ते शून्य

“लेकरं तहानेनं मरायलीत, टँकर का येईना?” सरपंचबाईंनी रिकामी घागर माझ्या टेबलावर अशी आपटली की अख्खं लातूर हाललं. त्या दुष्काळात टँकरचे मार्ग माझा प्रोग्राम ठरवायचा. त्यात गावं म्हणजे बिंदू आणि रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा. घामानं कीबोर्ड बुडवत मी प्रोग्रामच्या लायब्ररीला, म्हणजे हा बिंदू-रेषांचा आलेख सांभाळणाऱ्या तयार कोडला, विचारलं, हे गाव आहे का? आहे. त्याला रेषा किती? शून्य! भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, पण माझ्या आलेखात सगळे रस्ते अजून जुन्या, ओसाड गावठाणालाच जोडलेले.

“ताई, कॉम्प्युटर म्हणतो, तुमच्या गावाला रस्ताच न्हाई,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

“मी यष्टीनं आले,” त्या म्हणाल्या.