जुनंच आहे

आमच्या आईला दुखणं सांगताच येत नसे. ताप आला तरी "जुनंच आहे", पाठ धरली तरी "जुनंच आहे". जुनं म्हटलं की घरचे घाबरत नाहीत आणि कुणी डॉक्टरकडे ओढत नाही, एवढंच तिचं शहाणपण. इथे हिंदी मुलखात, आमच्या विजय नगरातल्या तिच्या वयाच्या सगळ्या मराठी बायका अशाच. कण्हणं म्हणजे कामचुकारपणा.

त्या सकाळी पोळ्या लाटता लाटता ती छाती धरून खाली बसली. घामाने निथळत होती.

"काहून घाबरून राहिला? जुनंच आहे माझं," वर मलाच सांगते!

मी तिला ऑटोत घालून नेपियर टाउनच्या खासगी इस्पितळात नेलं. दोन वर्षांपूर्वी तिचा आणि बाबांचा आरोग्य विमा उतरवला होता, त्यामुळे धीर होता.

तरुण डॉक्टरने विचारलं, "माताजी, दर्द कब से है?"

"अरे भैया, ये तो पुराना है. पाँच-छह साल से."

त्याने ते लिहून घेतलं. तपासणीत हृदयाची नळी बंद निघाली, ती लगेच उघडायला हवी होती. पण दुपारी विम्याच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, कंपनी ने मना कर दिया. बीमारी पॉलिसी से पहले की है."

मी डॉक्टरवर ओरडलो. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अटैक आज का ही है, मैं जानता हूँ. लेकिन लिखा हुआ काटूँगा तो मेरी नौकरी जाएगी."

आगाऊ पैसे भरल्याशिवाय इस्पितळ हात लावेना. मी नातेवाइकांचे उंबरे झिजवले. पैसे घेऊन परतलो तेव्हा आईच्या खाटेवरची चादर बदलत होते.

कंपनीचा राग आलाच, पण त्याहून जास्त आईचा आला. एवढं एकच खोटं ती जन्मभर बोलली आणि त्यांनी नेमकं तेच खरं धरलं. ग्वारीघाटावर राख सोडतानाही मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो.

यंदा बाबांना जिना चढताना छातीत दुखू लागलं. चार महिने त्यांनी अंगावर काढलं, मग मला सांगितलं. बाबा तोफांच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचे. सुताचा फरक त्यांनी कधी चालवून घेतला नाही.

"बाबूजी, कब से दर्द है?" डॉक्टरने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज सुबह से," ते म्हणाले.

डॉक्टरने आज सकाळपासूनच्या दुखण्याचं औषध लिहून दिलं. मी ते घेऊन आलो.