वराप्रोनोबी

पास्कू अंकलना जाऊन आज वर्ष झालं, आणि त्यांचं लॅटिन अजूनही चुकीचंच आहे.

हे मी त्यांच्या तोंडावर सांगायचो. म्हणून इथेही सांगतो.

आमच्या वाडीत समुद्राकडच्या माडांखाली एक पांढरा खुरीस आहे. क्रूस. तिथे सांजवेळी लादिनची प्रार्थना व्हायची. अंकल सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, एकेक नाव गायचे आणि अख्खी वाडी उत्तर द्यायची,

"वराप्रोनोबी."

खरे शब्द 'ओरा प्रो नोबिस'. आमच्यासाठी विनंती कर.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, मॅन्युअल वाचून शिकलो. बायबलही तसंच वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, स्वतः. म्हणून मी अंकलच्या शेजारी उभा राहायचो, पण उत्तर द्यायचो नाही. देवाशी थेट बोलायचं सोडून, हे जग सोडून गेलेल्यांना मध्ये घालायचं, असं पुस्तकात कुठेच नाही.

"अंकल, खंय लिवलेला आसा? दाखवा."

ते मेणबत्तीला हाताचा आडोसा करत हसायचे. "तुझ्या आवशीक तू आवस म्हणतंस, तां खंय लिवलेला आसा रे?"

"बर्थ सर्टिफिकेटवर."

"तां वाचून आवस म्हणूक लागलंस?"

एकदा संत पीटरवरून, येशूच्या त्या कोळी शिष्यावरून, म्हणाले, "सां पेद्रूच्या होडयेत बायबल होतां काय?"

"जुनो करार होतो त्येंच्याकडे."

"होडयेत?"

"...सभास्थानात."

"मगे होडयेत काय होतां, मेल्या? जाळां आणि गजाली!"

आज दुपारी रोझी आंटी, अंकलची बायको, वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली.

"सांजची लादिन तू सांग."

"आंटी, माजा मत तुमका म्हायत आसा."

"मत कोणाक व्हया? माका नावां व्हयी. एकापाठोपाठ एक, ते घेयत तशी."

"यूट्यूबवर आसत."

"ती आमची न्हय."

खरंच, दुसऱ्या कोणाला येत नव्हती. अंकलनी कधी लिहून ठेवली नाहीत. वाडीला फक्त उत्तर पाठ. मी मात्र इतकी वर्षं चुका पकडायला कान देऊन उभा होतो, त्यामुळे सगळी नावं क्रमाने माझ्याच कानात बसलेली.

गेलो.

पाणी अगदी स्थिर होतं. आकाश कुठे संपतं आणि समुद्र कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. मेणबत्त्या त्या दोघांच्या मध्येच कुठेतरी लावल्यासारख्या.

"स्तेल्ला मातुतिना," मी म्हटलं.

पहाटेचा तारा. भर सांजवेळी.

"वराप्रोनोबी," उत्तर आलं. पाठीमागून आलं की पाण्यावरून, सांगता येणार नाही.

त्यात अंकलचा आवाज होता असं मी म्हणणार नाही. नव्हता. मी नीट ऐकलं.

पण चाल त्यांची होती. श्वास घ्यायची जागासुद्धा त्यांचीच. आवाज तेवढा माझा.

लोक घरी गेले. मी बसून राहिलो.

पुस्तकात ते अजूनही नाही. उद्या पुन्हा बघेन.

मग एक नाव मी हळूच घेतलं, त्यांच्या क्रमात नसलेलं.

पास्कू अंकल,

वराप्रोनोबी.