आतल्या बाजूचे टाके

माझ्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून टाके असतात. साखळी असेल तर शर्ट लाल, धावदोरा असेल तर हिरवा, दुहेरी टीप असेल तर तपकिरी. हे आईचं काम. दुसरीत असताना मी झाडाची पानं लालभडक रंगवून मोठ्या ऐटीत तिला दाखवायला आणली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की लाल आणि हिरवा मला एकसारखेच मातकट दिसतात. डॉक्टर म्हणाले, हे आईकडून मुलाकडे येतं, औषध नाही. तिने ते फार मनाला लावून घेतलं. घरी येऊन सुईत दोरा ओवला आणि मला बजावलं, "बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही हं. लोक नावं ठेवतात."

मी गुणी बाळ. पंचेचाळिशी उलटली तरी बोललो नाही. आमच्या उज्जैनच्या टावर चौकातला सिग्नल मी वरचा दिवा की खालचा, एवढ्यावर पार करतो. बायकोला मात्र लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं, कारण तिच्या डाळिंबी साडीकडे बघून मी कौतुकाने म्हणालो होतो, "मेंदी कलर काय खुलतो गं तुला!"

माझं काम प्रोग्रामिंगचं, माधव नगरातल्या घराच्या मागच्या खोलीत बसून. आम्ही ज्या एडिटरमध्ये लिहितो, त्यात नवी घातलेली ओळ हिरव्या पट्टीवर दिसते आणि काढून टाकलेली लाल पट्टीवर. जगाला दिसते. मला दोन्ही पट्ट्या सख्ख्या जुळ्या बहिणी. एकट्याने काम करत होतो तोवर निभावलं. पण गेल्या वर्षी नवी नोकरी धरली आणि तिथे काम मिळालं ते दुसऱ्यांनी केलेले बदल तपासण्याचं. झालं! पहिल्या दोन महिन्यांत दोनदा, काढलेली ओळ घातलेली समजून मी पुढे ढकलली आणि दोन्ही वेळा सगळं बंद पडलं. आमच्या लीड मॅडम शांत आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, प्रोबेशन चल रहा है आपका. तीसरी बार नहीं होना चाहिए." या वयात उज्जैनमध्ये बसून दुसरी नोकरी कुठे शोधणार?

एडिटरचे रंग बदलायला तयार थीम मिळतात, ढिगाने. सगळ्यांचा जीव त्या लाल-हिरव्यातच अडकलेला. एक थीम खास रंगांध लोकांसाठी होती, तसं नावातच लिहिलेलं. पण मीटिंगमध्ये माझी स्क्रीन सगळ्यांना दिसते. कुणी ते नाव वाचलं तर? नको रे बाबा. म्हटलं, आपली आपण बनवू.

दोन दिवस डोकं खाजवत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मान खाजवली, आणि बोटाला कॉलरमधली साखळी लागली. अरे! चाळीस वर्षं उत्तर मानेवर घेऊन हिंडत होतो की मी! लगेच बसलो. काढलेल्या ओळीखाली साखळीसारखी वळणावळणाची रेघ, घातलेल्या ओळीखाली धावदोऱ्यासारखी तुटक, शंका असलेल्या शब्दाखाली दुहेरी टीप. सकाळभर जुनं काम उघडून तपासलं. एकही ओळ चुकली नाही. खुर्चीवरून उठून मी खोलीतल्या खोलीत एक गिरकी घेतली, खरं सांगतो.

मग राहिले जमिनीचे, म्हणजे अक्षरांमागच्या पडद्याचे, आणि अक्षरांचे रंग. शहाणा माणूस रंगाचे आकडे बघून निवडतो, नाहीतर बायकोला विचारतो. बायको भैरवगढला छापाचं कापड आणायला गेली होती, आणि आकडे कशाला बघायचे, डोळे आहेत की! छान राखाडी जमीन घेतली, त्यावर हळदीसारखी पिवळी अक्षरं. एकदम सोबर. उत्साहाच्या भरात मी ती अख्ख्या टीमला पाठवूनही दिली: "डोळ्यांना थंडावा देणारी थीम. वापरून पाहा."

तेवढ्यात बायको पिशव्या घेऊन आत आली आणि दारातच थबकली. "अहो, हे काय! कंप्यूटरशी होळी खेळलात का?"

माझी राखाडी जमीन गुलाबी होती आणि हळदी अक्षरं पोपटी. फोनवर टीमचा हाहाकार सुरूच झाला होता. कुणी लिहिलं, "भिया, बरात कब निकल रही है?" आणि मग लीड मॅडमचाच फोन आला.

"एक बात बताइए," त्या म्हणाल्या, "आपको रंग नहीं दिखते क्या?"

आई समोर मटार सोलत बसली होती. फोन स्पीकरवर होता, तिने ऐकलं आणि मान हलवून मला खूण केली: नाही म्हण. तिचा हात शेंगेवर तसाच थांबला होता. मी तिच्याकडे बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, कंटाळलोच मी त्या लपवाछपवीला. म्हणालो, "लाल-हरा नहीं दिखता, मॅडम. बचपन से. वो दोनों गलतियाँ भी इसी से हुईं."

मग मॅडम उसळल्या, "तो पहले बोलना था ना यार! मैं समझी आप ध्यान ही नहीं देते!" आणि थोडं थांबून, "रंग तो आपके भयंकर हैं. पर ये लकीरें रहने दो. चश्मा मेरा सिर पर है, फिर भी दिख रहा है कौन-सी लाइन हटी."

मग मी रंग मोकळे सोडले, ज्याने त्याने आपापले भरावेत असे. संध्याकाळपर्यंत कुणी निळे भरले, कुणी काळ्यावर पिवळे, ऑटोरिक्षासारखे. माझे बायकोने भरले. रेघा मात्र सगळ्यांनी होत्या तशाच ठेवल्या. तिसरी चूक पुढे झाली नाही आणि नोकरी पक्की झाली.

त्या संध्याकाळी आई चष्मा लावून माझ्या स्क्रीनपाशी आली. एका रेघेवर बोट ठेवलं. "ही माझी साखळी."

"हो."

"आणि हा धावदोरा. टाके लांब पडलेत जरा." मग हळूच, "हे सगळ्यांच्याकडे दिसतं?"

"सगळ्या टीमकडे."

"आणि हसले नाहीत?"

"हसले ना! गुलाबीला हसले, पोट धरधरून."

तीही हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. "मला वाटायचं रे, मीच तुला ही खोट दिली." मी नुसता तिचा हात धरून बसलो.

भैरवगढच्या कापडाचा कुर्ता तिने आठ दिवसांत शिवला. मी सवयीने कॉलर उलटून आत बघितलं. काहीच नव्हतं.

"आई, टाका घालायला विसरलीस."

"डोळे आहेत ना? बाहेर बघ."

बाहेरच्या बाजूला, पुढून पार मागपर्यंत, जाड दोऱ्याची ठसठशीत साखळी होती. म्हणजे कुर्ता लाल होता.