आमच्या साडूंचं घाबरणं

आमच्या साडूंइतक्या वेळा मरणाच्या दारात जाऊन जेवायच्या वेळेला घरी परतलेला माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. लोकांना ताप येतो, खोकला येतो. साडूंना थेट शेवट येतो. तोही असा तसा नाही, चांगला दोन मजुरांच्या आणि एका साडूच्या साक्षीनं. गेली वीसेक वर्षं मी हे पाहतोय. सुरुवातीला धावत जायचो. मग चालत जायला लागलो. आता फोन आला की आधी विचारतो, "चहा ठेवलाय का?"

साडूंची केळीची शेती ब्राह्मणपुरीला. माझं शहाद्यात बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. शेतकरी माझ्याकडे करपलेलं पान पिशवीत घालून आणतात. साडू स्वतःलाच घेऊन येतात. काउंटरवर हात ठेवणार, डोळे मिटणार आणि सांगायला लागणार. बरं, त्यांचं सांगणंही शेतकऱ्याचं. डाव्या बरगडीखाली ठिबकची नळी फुटल्यासारखं काहीतरी झिरपतंय. घशात अडकलंय, ते खालीही जात नाही आणि वरही येत नाही. बोटांना मुंग्या. पाय गार. श्वास आत जातो पण तळाला पोचत नाही. "साडूभाऊ, आते काय खरं नई मन्हं," असं म्हणून ते माझ्याकडे असे बघतात, की फवारणीचा पंप उचलून त्यांच्यावरच काहीतरी मारावं असं वाटतं.

डाव्या हाताची नाडी उजव्या हाताच्या बोटांनी धरून ठेवायची त्यांना सवय. लग्नात अक्षता टाकायच्या वेळी पंचाईत होते, कारण एकही हात मोकळा नसतो. एकदा तर हस्तांदोलन करायला गेलेल्या कृषी अधिकाऱ्याचीच नाडी यांनी धरली, थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "साहेब, तुमची बी जोरमा चाली ऱ्हायनी." त्या बिचाऱ्यानं त्याच दिवशी जाऊन रक्तदाब तपासून घेतला.

शहाद्याचे डॉक्टर झाले, नंदुरबारचे झाले, सुरतेपर्यंत वाऱ्या झाल्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल. आता दुसरा माणूस पेढे वाटेल. साडूंना अपमान वाटतो. "नॉर्मल म्हनजे त्यासले सापडनं नई," असा त्यांचा अर्थ. एका डॉक्टरांनी हसत हसत "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगितलं, त्या डॉक्टरांच्या गल्लीतूनसुद्धा ते आता जात नाहीत.

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर आम्ही एकदा गेलो होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. डोळे पोचतील तिथवर लाल मिरची वाळत पडलेली, वरून उन्हाचा कडाका, वारा आमच्याच दिशेला. जीपमधून उतरल्याबरोबर साडूंनी छाती धरली. जळजळतंय, श्वास कोंडतोय, डोळ्यांपुढे धुकं आलंय. तिथेच एका पोत्यावर बसून त्यांनी मला केळीची कोणती बाग कोणाला द्यायची ते सांगायला सुरुवात केली. मी ऐकत होतो आणि खोकत होतो. मिरची उलटीपालटी करणाऱ्या बायाही खोकत होत्या. जीपचा ड्रायव्हर खोकत होता. बांधावरचं कुत्रंसुद्धा शिंकत होतं. पण अटॅक आला होता तो फक्त साडूंना!

आणि त्या खाटेचं तर काय सांगू. शेतातल्या खोलीत दुपारी आडवं झालं की छातीत धडधड सुरू व्हायची, उठून उभं राहिलं की बंद. बरेच दिवस निरीक्षण करून साडूंनी शोध लावला, की लाईट गेली की धडधड थांबते आणि लाईट आली की सुरू होते. त्यांनी हे नंदुरबारच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. पेशंटचं हृदय थ्री-फेजवर चालतं, असं ऐकून डॉक्टरांनी कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. शेवटी आमच्या मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जाऊन पाहिलं. लोखंडी खाटेचा पाय मोटारीच्या पाइपाला टेकलेला. मोटार सुरू झाली की पाइप थरथरायचा, पाइपाबरोबर खाट आणि खाटेबरोबर आमचे साडू. तिनं खाट हातभर सरकवली, झालं. साडूंना आनंद झाला असेल म्हणता? छे! "म्हनजे खरं दुखनं आजून सापडनंच नई," असं म्हणून ते उलट जास्तच काळजीत पडले.

मेव्हणी मात्र खमकी. तिनं कधी आदळआपट केली नाही की डोळ्यांतून पाणी काढलं नाही. ताट वाढून ठेवते आणि शांतपणे म्हणते, "आधी जेवी ल्या, मंग काय मरनं ते मरा." आणि साडू जेवतात. चांगले जेवतात.

हे सगळं लिहिताना मला हसू येतंय, पण या माणसाची थट्टा करायचा हक्क मी मिळवलेला आहे, फुकट घेतलेला नाही. मला खरा अटॅक आला तेव्हा मी दुकानात होतो. सगळ्यांच्या आधी कोण पोचलं? साडू. गाडी त्यांनीच चालवली. इतकी शांत, इतकी बेताची, की मला वाटलं दुसराच कोणी माणूस बसलाय. दवाखान्याच्या बाहेर ते बाकावर बसून राहिले ते मला बाहेर आणेपर्यंत उठले नाहीत, आणि मेव्हणी सांगते, त्या सगळ्या वेळात त्यांनी स्वतःच्या मनगटाला बोट लावलं नाही. मी शुद्धीवर आलो तेव्हा माझा हात हातात घेऊन ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, हाऊ अटॅक मन्हा व्हता." गावात कोणीही आजारी पडलं की हा माणूस असाच सगळ्यांच्या आधी तिथे हजर असतो. आणि त्यांची भीती काही आकाशातून पडलेली नाही. त्यांचे वडील ऊसतोडीच्या वेळी पाणी प्यायला म्हणून बांधावर बसले ते परत उठलेच नाहीत. पाण्याचा तांब्या द्यायला साडूच गेले होते. तेव्हा ते कॉलेजात होते.

एवढ्या सगळ्यात गंमत म्हणजे साडूंची एकुलती एक मुलगी डॉक्टर झाली. घरी तिला गुड्डी म्हणतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. "गुड्डीकडून कोनी औषध लेस का?" असं साडू विचारतात. जिला स्वतः चड्डी-झबल्यात फिरवलं तिनं आपल्या छातीला नळी लावावी हे त्यांना पटतच नाही. पण ती जवळ मात्र पाहिजे. सरकारी नोकरीत तिला सातपुड्यातलं, धडगावच्याही पुढचं आरोग्य केंद्र मिळालं आणि इथे साडूंचे हिशेब सुरू झाले. वर घाट, फोनला रेंज मिळाली तर संध्याकाळी, आपल्याला काही झालं तर पोरगी खाली पोचणार कधी? रोज संध्याकाळी फोन. आज इथे दुखतंय, आज तिथे चमक आली, तू बदली करून घे, मी आता फार दिवसांचा नाही. स्वतः वर जाऊन बघायचं नाव नाही, कारण घाटात हृदयाचा डॉक्टर नसतो.

होळीच्या आधी गुड्डीचा मला फोन आला. "काका, मी बदली मागतेय. आबांचा आवाज ऐकून मला झोप लागत नाही." मग म्हणाली, "पण मला जायचं नाही हो इथून. इथल्या बाया आता कुठे माझ्याकडे यायला लागल्यात." ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. मी तडक ब्राह्मणपुरी गाठली आणि साडूंना म्हटलं, "बदली हवी ना? तर मग स्वतः वर चला आणि तिच्या तोंडावर सांगा. चला, बसा गाडीत."

ते बसले. पिशवीत रक्तदाबाचं मशीन, बोटाला लावायचं मशीन, जिभेखाली ठेवायची गोळी, सगळ्या रिपोर्टांचं जाडजूड बाड आणि मेव्हणीनं दिलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. घाटातल्या प्रत्येक वळणावर त्यांनी देवाला काही ना काही कबूल केलं. त्या सगळ्या नवसांची फेड करायची म्हटली तर केळीचा एक हंगाम जाईल.

वर पोचलो तो भोंगऱ्या बाजाराचा दिवस. होळीच्या आधीचा तो बाजार म्हणजे अख्खा सातपुडा नवीन कपडे घालून रस्त्यावर. गर्दीत गाडी अडकली आणि अगदी खिडकीला लागून ढोल वाजायला लागले. पिंपाएवढाले ढोल. तो आवाज कानात शिरत नाही, बरगड्यांत शिरतो. माझ्याच छातीत दणके बसत होते, तर साडूंचं काय विचारता! चेहरा पांढरा पडला, बोटं वाकडी झाली, शर्ट घामानं भिजला. "साडूभाऊ, मी गयू," एवढंच म्हणाले. खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पाचावर धारण बसली. आपणच हट्टानं आणलं याला, आता मेव्हणीला काय तोंड दाखवू? गाडी तिथेच सोडली आणि त्यांना धरून समोरच असलेल्या आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरनं लगेच मशीन लावून ईसीजीची पट्टी काढली, आत डॉक्टरला दाखवून आली आणि म्हणाली, "पट्टी चांगली आहे. मॅडम एका बाईला तपासताहेत. पाच मिनिटं बसा." साडूंनी नाव सांगितलं नव्हतं. मीही गडबडीत विसरलो.

दार उघडंच होतं. आत गुड्डी आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि तिच्यासमोर पन्नाशीची एक पावरा आदिवासी बाई. भाषा पावरी, आम्हाला ओ की ठो कळेना. पण ती बाई हातानं दाखवत होती. छातीवर तळवा आपटला, म्हणजे धडधड. बोटं झटकली, म्हणजे मुंग्या. गळ्याला चिमूट लावली, म्हणजे काहीतरी अडकलंय. साडू धापा टाकायचं विसरून पुढे सरकले. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "हाई तं मन्हंच दुखनं शे!" आवाजात असा राग, जणू यांच्या बागेतला घड कोणीतरी परस्पर तोडून नेलाय.

गुड्डीनं त्या बाईचा हात हातात घेतला. दुसरा हात स्वतःच्या पोटावर ठेवून सावकाश श्वास सोडून दाखवला. बाईनंही तसंच केलं. नकळत साडूंनीही केलं. मग गुड्डी बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. साडूंना राहवेना. त्यांनी सिस्टरला विचारलं, "काय सांगी ऱ्हायनी ती?"

सिस्टर म्हणाली, "मॅडम सगळ्यांना तेच सांगतात. दुखणं खोटं नाही. धडधड खरी, मुंग्या खऱ्या. भीती अंगात उतरली की अंग असं वागतं. त्यानं माणूस मरत नाही, आणि त्यावर उपचार आहेत." मग हसून म्हणाली, "त्यांच्या वडिलांना हेच आहे म्हणे. वीस वर्षं रोज घाबरतात, तरी रोज शेतात जातात. दुसऱ्या कोणाला काही झालं तर सगळ्यांच्या आधी धावतात. मॅडम म्हणतात, माझ्या आबांसारखा धीराचा माणूस मी पाहिलेला नाही."

साडू खांद्यावरच्या उपरण्यानं घाम पुसायला लागले ते डोळेही पुसत राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

ती बाई बाहेर आली आणि गुड्डीनं दाराकडे पाहिलं. "आबा! तुमी? आठे?" साडू उठले, आत गेले, स्टुलावर बसले आणि शाळकरी पोरासारखा हात पुढे केला. "दख," म्हणाले. तिनं छातीला नळी लावली, पट्टी पुन्हा पाहिली, पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला लावला. नंदुरबारला या त्रासाचे चांगले डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जायचं, गोळ्या सांगितल्या तर घ्यायच्या, असं तिनं बजावलं. साडू मुकाट्यानं "हां, हां" करत होते.

निघताना ती गाडीपर्यंत आली. "आबा, बदलीचं मी..." एवढंच बोलली. साडू गाडीचं दार धरून उभे होते. बाजारात ढोल चालूच होते, त्यांचा चेहरा पुन्हा उतरायला लागला होता हे मला दिसत होतं. ते म्हणाले, "बेटा, मी फोनवर काय बी सांगसू. मरी ऱ्हायनू सांगसू. तू येऊ नको. आठेच ऱ्हाय."

गुड्डी भर रस्त्यात त्यांच्या गळ्यात पडून रडली.

आता नंदुरबारचे उपचार सुरू आहेत, बरंच बरं आहे. सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळचा फोन अजून असतो. साडू दिवसभराचं दुखणं सांगतात, ती सगळं ऐकून घेते आणि विचारते, "मी येऊ का, आबा?" साडू फोन दोन्ही हातांनी धरतात. मग म्हणतात, "नको." तो शब्द तोंडातून काढायला त्यांना किती बळ लागतं, ते मी शेजारी बसून पाहिलंय. माझे दोन्ही मुलगे पुण्यात असतात. एवढं बळ माझ्यात नाही. मला कोणी विचारलं असतं, तर मी "ये" म्हणालो असतो.