खिल्लारे मिस्त्रींची भट्टी आणि माझी घाई

केनवडच्या बाजारापलीकडे तुळशीराम खिल्लारे मिस्त्रींचा कारखाना आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी तिथे कामाला लागलो. पहिल्याच दिवशी मी मोठ्या तोंडानं सांगितलं, "मले लोखंड तापवता येते." मिस्त्रींनी वर न पाहताच विचारलं, "तापवाले कोनालेबी येते. थंडं करता येते काय?" मला तो टोमणा वाटला. तो धडा होता, हे कळेपर्यंत फार नुकसान झालं.

ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून मिस्त्री वखराची पाती बनवत. हे पोलाद इतकं कडक की त्याला भोक पडत नाही, म्हणून आधी नरम करावं लागतं. तापमान मोजायला यंत्र नव्हतं. जुन्या स्पीकरचं चुंबक सळईला बांधून मिस्त्री ते तापल्या पाट्याला लावून पाहत. चिकटेनासं झालं की आणखी थोडी आच देत, मग विस्तव थांबवून भट्टीचं दार चिखलानं लिंपत. पाटे आतल्या आत सकाळपर्यंत निवायचे. लाल असतानाच वाऱ्यावर काढले तर पुन्हा कडक होतात. त्यांची पाती इंझोरीपर्यंत जात, आणि कोणी परत आणल्याचं मला आठवत नाही.

बोलणं मोजकं, पण माणसाला सांभाळून. माझं लग्न ठरताना मुलीकडचे चौकशीला आले, तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, "पोरगा कामाले चांगला हाय. जेवाले जरा जास्त लागते." लग्न जमलं.

त्यांच्या गेलेल्या उजव्या डोळ्याविषयी मात्र लिहिलंच पाहिजे. सगळ्यांना वाटतं, ड्रिल मारताना त्यांचा स्वतःचा हात हुकला. ते खरं नाही. अठरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पोहरादेवीच्या यात्रेला माझ्या घरचे निघाले होते. सकाळी निवलेले पाटे काढून ठेवल्याशिवाय मला सुटी नव्हती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लिंपलेलं दार मी तासाभरात फोडलं, लाल पाटे वाऱ्यावर टाकले, काळे पडल्यावर कोणाला कळू नये म्हणून राखेत झाकले आणि निघून गेलो. सकाळी मिस्त्रींनी माझ्या भरवशावर भोकं पाडायला घेतली. ड्रिल तुटलं आणि तुकडा डोळ्यात गेला.

अकोल्याच्या दवाखान्यात पट्टी बांधलेल्या मिस्त्रींनी मला विचारलं, "यात्रा झाली काय बराबर?" मी हो म्हणालो. पुढे बोलायची छाती झाली नाही. कामावर परतल्यावर ते म्हणाले, "भट्टी तूच लावत जाय. दार मातर सकाळी मी फोडत जाईन." तेव्हा मला कळलं, त्यांना सगळं ठाऊक आहे. नुसती कानस फिरवून पाटा कसा निवला ते ओळखणारा माणूस तो. त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. मी त्या गप्प बसण्याचा फायदा घेतला.

आता डावा डोळाही काचबिंदूनं जातो आहे. भट्टी दिवाळीपासून बंद आहे. हा लेख त्यांना स्वतः वाचता येणार नाही. पंचाहत्तरीच्या समारंभात दुसऱ्या कोणी वाचण्याआधी मीच त्यांच्या ओसरीवर बसून तो वाचून दाखवणार आहे. ते "जाऊ दे" म्हणतील, याचीच मला भीती वाटते.

पंचाहत्तरीनिमित्त मिस्त्रींना माझा नमस्कार. त्यांचा उरलेला उजेड टिको, प्रकृती ठणठणीत राहो, आणि माझ्यावर एकदा तोंडभर रागावण्याइतकं बळ त्यांच्या अंगी पुष्कळ वर्षं राहो.